नकाशातली मोकळी जागा

मुकुलने वडिलांची कलमबाग तोडून तिथे चार मजली इमारत उभी केली, तेव्हा आप्पांनी एकच मागणं मागितलं होतं. कोपऱ्यातला जुना रायवळ आंबा आणि त्याच्या बुंध्याशी असलेला, जागा राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड, एवढं राहू दे. मुकुल हो म्हणाला. नकाशातही ती जागा बागेची म्हणूनच दाखवली होती. मोकळी हिरवी जागा ठेवल्याशिवाय बांधकामाला मंजुरी मिळतच नाही.

पण लोक राहायला आले आणि गाड्या मावेनात. पावसाळा सरल्यावर आंबा तुटला, जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसले. दगड कुठे गेला, ते कामगारांनाही सांगता येईना.

“नियम आहे म्हणून नकाशात दाखवावं लागतं, आप्पा. सगळेच दाखवतात,” मुकुल म्हणाला.

“तू मला दाखवलं नव्हतंस. शब्द दिला होतास,” आप्पा म्हणाले. त्यानंतर ते दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरलेच नाहीत.

एप्रिलमधल्या एका दुपारी मुकुलची बायको नीरजा वाळवण बघायला गॅलरीत आली. खाली रणरणत्या उन्हात, गाड्यांच्या मधे, तिची लेक सानवी अनवाणी बसून सागरगोटे खेळत होती. नीरजा धावत खाली गेली.

“सानू, ऊठ! पाय भाजतील.”

“भाजत नाहीत गं. इथे सावली आहे ना.”

सावली कसलीच नव्हती. वर नुसतं पांढरं आभाळ. पण नीरजाने हात टेकवला तर ब्लॉक गार लागला, पहाटेच्या अंगणासारखा. बाजूचा ब्लॉक मात्र तव्यासारखा तापलेला. तेवढ्यात कुठूनसा मोहराचा वास आला. आणि मोहराचे दिवस तर केव्हाच सरले होते.

तिने मुकुलला बोलावलं. तो हसत आला. “खाली पाण्याचा पाइप फुटला असेल,” म्हणत त्याने त्याच जागी तळवा ठेवला आणि ओरडून मागे घेतला. हातावर टरारून फोड उठले. सानवी शेजारीच बसली होती, आपले सागरगोटे झेलत.

दोन दिवसांत सगळ्या बिऱ्हाडांना ही गोष्ट कळली. मुलं दुपारी तिथेच जमू लागली. मोठी माणसं मात्र तिथे गाडी लावेनात. सोसायटीच्या बैठकीत तळमजल्यावरच्या राजश्रीताई उठून म्हणाल्या, “भुताखेताचं राहू द्या, मुकुलभाऊ. बाग आहे म्हणून आम्ही इथे घर घेतलं. नियम होता, तुम्ही तो मोडलात. आमच्या गाड्या रस्त्यावर राहतील, पण आमची बाग द्या.”

मुकुलने पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

ब्लॉक उखडले. खाली जांभ्याची तांबडी माती होती, आणि आंब्याची मुळं. तोडून कितीतरी महिने झाले होते, तरी कुदळ लागली तिथून ती पाझरत होती. कामगार थांबले. नीरजा वर गेली आणि आप्पांना हाताला धरून खाली घेऊन आली.

आप्पा मुळांशी उकिडवे बसले. बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. मग म्हणाले, “पुरून टाका परत. वर माती लोटा. आणि लावा काय लावायचं ते.”

“मी लावतो,” मुकुल म्हणाला.

“लाव. पण रोपाने मूळ धरलं नाही तर रागवू नकोस.”

सुरंगी, बकुळ, नीरजाने लावलेलं कलम, सगळं पावसात तरारलं. मुकुलचं रोप आठवड्यात वाळलं. त्याने दुसरं आणलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा त्याने आणलं नाही.

आता पाली गावाजवळ त्याचं नवीन काम चालू आहे. तिथे त्याने नियमाप्रमाणे लागते त्याहून मोठी जागा मोकळी सोडली आहे, एकाही झाडाला हात लावलेला नाही. गिऱ्हाईकं त्याचं कौतुक करतात, चपला काढून आत गवतावर फिरून येतात, फोटो काढतात. तो फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर जातो आणि चपला न काढता, तळव्यावरचे जुने व्रण चोळत बाहेरच थांबतो. आत चला म्हटलं, तर म्हणतो, “तुम्ही बघून या.”