तांदळातलं नाव

“तांदळात लिव्हू दे गं. कागदावर लिव्हू देऊ नको.”

माझ्या लग्नात कस्तुराआत्या माझ्या कानाशी येऊन हे म्हणाली होती. समोर ताटात तांदूळ पसरलेले. हरिओम अंगठीनं त्यात माझं नवं नाव कोरत होता आणि फोटोवाला “वहिनी, जरा हसा” म्हणत होता. पत्रिकेत र अक्षर आलं म्हणून शिल्पाची रुद्राणी होत होती.

“तांदळातलं नाव दुसऱ्या दिशी भातात शिजून जातंय,” आत्या म्हणाली. “कागदातलं शिजत न्हाई.”

मी फोटोवाल्यासाठी हसले आणि तिला म्हणाले, “आत्या, आता तो जमाना राहिला नाही.” एम.एस्सी. गणित झालेली पोरगी मी. मला वाटलं, आत्याचं जुनं दुखणं वर आलं.

दुखणं जुनंच होतं. आत्याचं सासर किल्लारीच्या पलीकडचं. सासरी तिचं नाव विमल ठेवलेलं. भूकंपात नवरा गेला, घर गेलं. मदत आली ती विमलच्या नावानं, आणि आत्याकडं उरलेला एकुलता एक कागद माहेरच्या शाळेचा, त्यावर कस्तुरा. मग दीर पुढं झाला. “वहिनीचं मी बघतो,” म्हणाला, सही त्यानं केली, आणि मदतही त्यानंच बघितली. आत्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. पुढं माहेरी आली तेव्हापासून विमल म्हणून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही.

मी भूकंपानंतरच्या वर्षी जन्मले. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

लग्नानंतर आम्ही लातुरात, ट्युशन एरियात घर घेतलं भाड्यानं. हरिओम एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या गल्लीत खांबाखांबाला पास झालेल्या पोरांचे फोटो, घराघरावर ‘मुलींसाठी रूम’च्या पाट्या, आणि सगळ्या जिन्यांवर मेसचे डबे. या गावात गणित येणाऱ्या माणसाला काम कमी नाही. पण आमची मुग्धा झाली, आणि क्लासच्या वेळात तिला सांभाळणार कोण? तिचा श्वास नीट चाललाय ना हे बघायला मी दहा वेळा उठणारी आई. पाळणाघराचा विचारही माझ्यानं होईना.

तेव्हा मी ते काम शोधलं. एका परदेशी शिकवणी कंपनीचं. तिकडची पोरं अडलेली गणितं पाठवतात, आपण पायरी पायरीनं उत्तर लिहायचं. मुग्धा झोपली की मी बसायची. कंपनीनं पदवी मागितली, पॅन कार्ड मागितलं. दोन्हीवर माझं मूळ नाव, शिल्पा शेषेराव बिराजदार, कारण पॅन मी लग्नाआधीच्या नोकरीत काढलेलं. तिथं मी शिल्पाच झाले. पोरं उत्तराखाली लिहायची, ‘शिल्पा मॅमनी समजावलं की कळतं.’ ती पोरं कोणत्या गावची, कशी दिसतात, मला माहीत नाही. पण लग्नानंतर मला त्या नावानं हाक मारणारी तीच. माझ्या नावापुढं पोरांनी दिलेल्या पसंतीच्या चांदण्या वाढत गेल्या.

पैसे घ्यायची वेळ आली तेव्हा गाडी अडली. माझं आधार आणि बँकेचं खातं रुद्राणी हरिओम सूर्यवंशीच्या नावावर. लग्नानंतर हरिओमनं मला नेऊन एका दुपारीत दोन्ही अर्ज भरले होते आणि मी पोटुशी, ओकाऱ्यांनी बेजार, दाखवेल तिथं सही केली होती. कमावणारी शिल्पा, खातं रुद्राणीचं. कंपनीनं सरळ नाकारलं.

“वहिनी, टेन्शन कशाला घेता? मी हाय ना!” धाकटा दीर श्रीनाथ फोनवर म्हणाला. नांदेडला त्याचं ऑफिस आहे, परीक्षेचे फॉर्म भरून देण्याचं. “आपल्याकडं परदेशी वॉलेट हाय. त्यात घेऊ, तिथं नाव कुणी तपासत नाही. मी दादाच्या खात्यावर टाकत जातो.”

दादाच्या. माझ्या नाही. तेव्हा हेही मला खटकलं नाही, घरचाच पैसा म्हणून. तशी मी बारीकसारीक बघणारी बाई आहे. दूध उतू जाण्याआधी मला कळतं. तरी हे दिसलं नाही.

दर महिन्याला रक्कम कमी यायची. “चार्जेस लई वाढले, वहिनी,” तो म्हणायचा. कधी डॉलर घसरलेला, कधी ‘मधल्या बँकेनं’ खाल्लेले. मी गणिताची, पण हे गणित मी कधी मांडलंच नाही. माणूस घरचा होता ना.

मग एकदा मी स्वतः कंपनीच्या पानावर जाऊन बसले. तिथं सगळं लिहिलेलं होतं, माझ्यासारख्या बाईला समजेल असं. वॉलेटमधून घेतले तर टक्केवारी कापली जाते, वर डॉलरचा भावही तेच ठरवतात, बाजारभावापेक्षा कमी. सरळ बँकेत मागवले तर मधल्या बँका आपला वाटा काढतात, रक्कम लहान असली की तो फार बोचतो. आणि तिसरी एक वाट होती. आपल्याच नावानं परदेशात पैसे जमा करून घेणारी सेवा. बाजारभावाच्या जवळपास रुपये करते, फी थोडकी, ती आधीच दाखवते. एक-दोन दिवसांत पैसे आपल्या खात्यावर, आणि परदेशातून कमाई आल्याचा दाखलाही मिळतो, कर भरताना लागतो तो. अट एकच. पॅनवर आणि खात्यावर नाव एक पाहिजे.

मग मी गणित मांडलं. वॉलेटची महागातली महाग फी धरली, भावातला फरक धरला. तरीही हिशोब जुळेना. श्रीनाथचे ‘चार्जेस’ कुठल्याच बँकेचे नव्हते. ते श्रीनाथचे होते.

तो लातूरला आला तेव्हा मी काही बोलायच्या आधी तोच बोलला. सोफ्यावर ऐसपैस बसला, मुग्धाला हातावर घेऊन नाचवत.

“वहिनी, एक नवीन लफडं झालंय. कंपनी महिनाअखेरपर्यंत सगळ्यांचे चेहरे तपासून राहिली. कॅमेऱ्यासमोर बसायचं, कार्ड दाखवायचं. आणि ज्याचं प्रोफाइल त्याच्याच नावावर पैसे. नाही जमलं तर काम बंद.”

“मग?”

“मग काय, सोपं हाय. प्रोफाइल माझ्या नावावर करू. माझी बी पदवी हायच की. तुम्ही जसं लिहिता तसं लिहीत राहायचं. तुमच्या चांदण्याबी इकडं ओढता येतात, मी विचारलंय.” तो हसला. “तिकडली पोरं मला सर म्हणतील, एवढाच फरक.”

हरिओम कप घेऊन उभा होता. म्हणाला, “काय फरक पडतो गं? काम तर तूच करणार आहेस.”

मी मुग्धाला श्रीनाथच्या हातातून काढून घेतलं.

“अहो, उद्यापासून तुमच्या क्लासच्या बोर्डावर श्रीनाथ सूर्यवंशी, फिजिक्स असं लिहू या का? शिकवायचं तुम्हीच. काय फरक पडतो?”

“ते वेगळं...”

“काय वेगळं? सांगा ना. मी ऐकतेय.”

त्यानं कप तोंडाला लावला. श्रीनाथ मात्र गप्प बसणाऱ्यांतला नाही. “वहिनी, तुम्ही उगं गरम होऊन राहिल्या. देगलूरची गौरम्मा बघा. कन्नड-तेलुगू व्हिडिओंखाली अक्षरं, ते सबटायटल, लिहिती. सगळं माझ्या नावावर. कधी ब्र काढला नाही बिचारीनं.”

“तिचे चार्जेसपण वाढलेत का, भाऊजी?”

श्रीनाथ सोफ्यावरून उठला. “म्हणजे? मी चोर हाय का?”

“मी फक्त चार्जेसचं विचारलं. चोर तुम्ही म्हणालात.”

त्यानं दादाकडं पाहिलं. दादा भिंतीकडं. जाता जाता श्रीनाथ जिन्यावरून मोठ्यानं बोलला, गल्लीला ऐकू जावं म्हणून, “लई शिकलेल्या बाया घरात आणल्या की असं हुतंय!”

मी कस्तुराआत्याला फोन केला. आत्यानं एवढंच विचारलं, “दिरानं केलं?” आणि दुसऱ्या दिवशी निलंग्याहून पहिल्या एसटीनं आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी. मुग्धाला मांडीवर घेऊन म्हणाली, “जा. हिचा श्वास मी मोजते. तू तुझं नाव घिऊन ये.”

मी बाहेर पडले. पॅन बदलून रुद्राणी करणं सोपं होतं, हरिओम रात्रभर तेच सांगत होता. पण पॅन बदललं असतं तर पदवी जुळली नसती, कंपनीतलं नाव जुळलं नसतं, चांदण्या शिल्पाच्याच राहिल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर चांदण्यांचा प्रश्नच नव्हता आता. मला रुद्राणीच्या नावावर काहीही नको होतं.

आधार केंद्रात मी शाळेचा दाखला आणि पॅन पुढं केलं. मशीनवरच्या माणसानं कागद वरखाली केले.

“ताई, घटस्फोट झाला का?”

“नाही.”

“मिस्टर वारले?”

“वारले नाहीत. घरी आहेत, नाश्ता करतायत.”

“मग माहेरचं नाव कशाला?”

“माहेरचं नाही. माझं आहे.”

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. हसू दे. लग्नानंतर नाव बदलायला गेलो तेव्हा कुणी कारण विचारलं नव्हतं. ते नाव घ्यायला अंगठीचं टोक पुरलं. माझं मला परत घ्यायला मात्र नवरा मेला पाहिजे किंवा सोडला पाहिजे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं.

नवं आधार आलं तेव्हा महिना संपत आलेला. बँकेतल्या बाईंनी कार्ड हातात घेतलं, मान वर केली. म्हणाल्या, “रोज बायका येतात नाव बदलायला. उलटं करायला आलेली तुम्हीच पहिली.” मला वाटलं, आता ह्यासुद्धा विचारणार. त्यांनी विचारलं नाही. “आजच करून देते,” म्हणाल्या आणि शिक्का ओढला.

सासूबाईंचा फोन आला. श्रीनाथनं पोचवलं होतं. “सूनबाई, मग लग्नाचं काय झालं म्हणायचं?” मी म्हणाले, “आई, लग्न हरिओमशी झालंय, आधार कार्डाशी नाही.” फोन ठेवल्यावर हरिओमला हसू आलं. मला नाही आलं. त्यानं ते पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

कॅमेऱ्यासमोर मी पॅन कार्ड धरून बसले. पलीकडच्या माणसानं इंग्रजीत विचारलं, तुमचं पूर्ण नाव सांगा. साधा प्रश्न. मी आधी मान वळवली. दाराशी मुग्धाला कडेवर घेऊन आत्या उभी होती.

“शिल्पा शेषेराव बिराजदार,” मी म्हणाले.

पुढचे पैसे त्या तिसऱ्या वाटेनं आले. फी आधी दिसली, तेवढीच कापली गेली. बँकेच्या मेसेजवर माझं नाव होतं. आत्याला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, आणि मग मुग्धाला घेऊन बाहेर गेली. बराच वेळ ती आत आली नाही. हरिओमनं तो मेसेज पाहिला आणि पहिल्यांदाच विचारलं, “मागचे सगळे मिळून किती गेले असतील?” मी म्हणाले, “तुमच्या भावाला विचारा. तुमच्याच खात्यावर टाकत होता.” त्यानं फोन लावला. श्रीनाथनं उचलला नाही. अजूनही उचलत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझ्या डोक्यातून गौरम्मा जाईना. आमच्यासारखी घरबसल्या ऑनलाइन कामं करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून मी तिचा नंबर मिळवला आणि तिला ती तिसरी वाट लिहून पाठवली, साध्या शब्दांत. तिचा आवाज आला रेकॉर्ड होऊन, दबका, मागं लहान मूल रडतंय. “अक्का, माझं माहेरचं नाव दुसरं हाय. सासरी गौरम्मा ठेवले. तरीबी होतंय का ओ?” मी लगेच लिहिलं, होतं, मी केलंय, तू फोन कर.

तिनं फोन केला नाही. त्याच आठवड्यात ती ग्रुपमधून गेली. काढली की निघाली, कळत नाही. नंबर बंद आहे. मी श्रीनाथच्या घरची, मी देगलूरला तिच्या दारात उभी राहिले तर तिचंच अवघड होईल, हे मला कळतं. म्हणून हे लिहितेय.

तुम्ही नांदेडकडचे असाल, देगलूरला तुमचं येणंजाणं असेल, तर व्हिडिओखाली कन्नड-तेलुगू लिहिणारी, कडेवर लहान मूल असलेली गौरम्मा कुठं राहते ते विचारा. घरात पाणी मागायच्या निमित्तानं जा. ती बरी आहे का बघा. ती एकटी असेल तेव्हाच तिला म्हणा, लातूरच्या शिल्पानं विचारलंय. आणि तिचं खरं नाव काय, तेवढं तिच्याच तोंडून ऐकून या.