घोडा उतरवताना

"अंगठा दाखवा बघू तुमचा," यशवंत मोहिते म्हणाला.

म्हातारे गिऱ्हाईक लिंडनर यांनी हात मागे घेतला. "पिस्तूल बघायला आणलंय मी. अंगठा कशाला?"

यशवंतने हात पुढे धरला. शेवटी म्हाताऱ्याने आपला उजवा हात त्याच्या तळव्यावर ठेवला. अंगठ्याचं टोक पांढुरकं, मेणासारखं झालं होतं. यशवंतने त्यावर नखाने जोरात दाबलं. लिंडनर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"रशियातली थंडी," ते म्हणाले. "युद्धकैदेतली. दोन्ही अंगठे तसलेच."

१९६२ सालचं स्टुटगार्ट. खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये शस्त्रं दुरुस्त करायला शिकलेला यशवंत पाच वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी इथे आला आणि माउरर यांच्या बंदुकांच्या दुकानात नोकरीला राहिला. शिकारी लोक आपली बंदूक 'त्या इंडरकडेच', म्हणजे भारतीयाकडेच, द्या म्हणून सांगत. लिंडनर मात्र शिकारी नव्हते. उताराच्या रस्त्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. मॉर्फीनसाठी दोन चोरांनी तिथे शिरून त्यांचं डोकं फोडलं होतं. टाके निघाल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढला आणि जुनं बेल्जियन पिस्तूल विकत घेतलं.

या जातीच्या पिस्तुलात घोडा, म्हणजे बार उडवणारी मागची हातोडी, आधी मागे ओढलेला असावा लागतो. नुसता चाप दाबून बार उडत नाही. लिंडनर ते गोळी भरून कोटाच्या खिशात ठेवत. रोज सकाळी दुकान उघडताना घोडा मागे, रोज संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा खाली.

"हेच करायचं नाही," यशवंत म्हणाला. "चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी असताना घोडा उतरवायचा म्हणजे चाप दाबून अंगठ्याने घोडा आवरायचा. अंगठा निसटला की गोळी सुटली. आणि तुम्हाला तर अंगठ्याखाली काय आहे ते कळतच नाही."

"मग रात्रीही मागेच ठेवू?"

"तेही चालतं. पण सुरक्षेचा खटका लावून, आणि चाप झाकेल अशा जाड चामड्याच्या म्यानात. खिशात किल्ल्यांबरोबर नाही."

"घोडा उभा असलेलं पिस्तूल रात्रभर घरात? माझ्या बायकोला झोप लागायची नाही."

"तर मग चेंबर रिकामं ठेवा. वेळ आली की ही वरची स्लाइड मागे ओढायची, गोळी आपोआप आत चढते."

लिंडनरनी ओढून बघितली. स्प्रिंग कडक. स्लाइड निम्मी आली आणि बोटांतून सुटली. त्यांचा चेहरा पडला.

"घरी टेबलाला दाबून, चार वेळा ओढल्यावर येते ती. ते दोघं थांबतील का हो तोवर?" त्यांनी हळूच विचारलं.

 पिस्तूल परत द्यावं का, हे विचारायला यशवंत आत माउररकडे गेला. माउररनी चष्म्यावरून पाहिलं. "परवाना आहे ना? पिस्तूल नीट चालतंय ना? मग झालं! माणसं दुरुस्त करायचं दुकान नाही हे."

यशवंतने पिस्तूल साफ केलं, चेंबर रिकामं असल्याचं तीनदा पाहिलं आणि काउंटरवर ठेवलं. "रिकामं ठेवीन म्हणा."

"ठेवीन," लिंडनर म्हणाले. पण म्हणताना त्यांनी नजर दिली नाही. यशवंतला ते दिसलं, आणि तरी त्याने पिस्तूल त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवशी जेवताना त्याने बायकोला, शुभाला, सगळं सांगितलं.

"अहो, तुम्ही बजावलंत ना त्यांना? मग झालं," ती म्हणाली.

"बजावलं. पण दिलंही."

तीन आठवड्यांनी माउररांच्या दुकानात पोलीस आले. आदल्या संध्याकाळी औषधांचं दुकान बंद करून घरी आल्यावर लिंडनर स्वयंपाकघरात घोडा उतरवत होते. अंगठा निसटला. टेबलापाशी बटाटे सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, फ्राउ लिंडनरच्या, गुडघ्यातून गोळी आरपार गेली. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू राहणार होता.

"गिऱ्हाइकाला सगळं समजावून दिलं होतं," माउरर यांनी पोलिसाला सांगितलं. "लिहा तसं. हा करेल सही."

कागद यशवंतपुढे आला. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"अजून एक लिहा," तो म्हणाला. "त्यांच्या अंगठ्याला स्पर्श कळत नाही, हे मला माहीत होतं. ते ऐकणार नाहीत, असंही वाटलं होतं. तरी मी दिलं."

पोलिसाने मान वर केली. "हे सांगायची तुमच्यावर सक्ती नाही."

"हो, ते माहितेय मला."

यशवंतवर गुन्हा काही दाखल झाला नाही. पण पोलीस गेल्यावर माउरर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी म्हणाले, "एक तारखेपासून दुसरीकडे बघा."

शनिवारी यशवंत इस्पितळात गेला. फ्राउ लिंडनरचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. तो माफी मागायला लागला, तसं तिने त्याला मधेच थांबवलं.

"माझं राहू द्या. माझा नवरा आठ दिवसांत एकदाही इकडे आला नाही. दुकानही उघडलेलं नाही म्हणतात. तुम्ही जाऊन बघाल?"

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत लिंडनर दाढी वाढलेले, भिंतीला पाठ टेकून उभे होते. पिस्तूल पोलिसांनी नेलं होतं.

"औषधं काढायची म्हणजे कपाटाकडे तोंड करावं लागतं," ते म्हणाले. "त्या दिवशी ते मागूनच आले होते. आता तर माझ्याजवळ काहीच नाही."

यशवंतने शटर पूर्ण वर केलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून तो दाराकडे तोंड करून बसला.

"आज मला सुट्टी आहे," तो म्हणाला. "तुम्ही काढा औषधं. मग आपण इस्पितळात जाऊ."

रस्त्यावरून एक बाई खोकणाऱ्या लेकराला कडेवर घेऊन चढ चढत येत होती. लिंडनर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग हळूहळू वळले, आणि वरच्या कप्प्यातली बाटली काढायला त्यांनी दोन्ही हात वर केले.