छोट्या साहेबांचा संघर्ष

छोटे साहेब आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते पाऊण तास उशिरा, आणि आल्याआल्या त्यांनी एसी वाढवायला सांगितला. मग पायावर पाय टाकून म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं रेडी आहे. फक्त माझा संघर्ष तेवढा लिहायचा राहिलाय."

चौदा वर्षं मी शाळेत भाषा शिकवली. शाळा बंद पडली आणि मी या कन्सल्टन्सीत आले. बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्या मुलामुलींचे निबंध 'बघून देणे' हे माझं काम. बघून देणे म्हणजे लिहून देणे, पण तसं कोणी मोठ्याने म्हणत नसे. भिंतीवर पाटी होती, 'तुमची गोष्ट, तुमच्याच शब्दांत'. त्या पाटीखाली बसून मी वर्षाला तीसेक जणांना शब्द पुरवत होते.

छोट्या साहेबांचं वय सव्वीस. वडिलांचा गाद्यांचा कारखाना. तिथे वडिलांना सगळे साहेब म्हणत, म्हणून हे छोटे साहेब.

"आयुष्यात कधी मोठी अडचण आली?" मी वही उघडून विचारलं.

ते छताकडे बघत म्हणाले, "कॉलेजात एक ब्रेकअप झाला होता."

"नाही, कामाच्या ठिकाणी."

"कामाच्या ठिकाणी मी फारसा... म्हणजे माझा रोल स्ट्रॅटेजिक आहे."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी आमच्या डायरेक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "कारखान्यात जाऊन या. एवढा मोठा कारखाना, कोणी ना कोणी काहीतरी सोसलंच असेल."

कारखान्यात फोमचा भुगा हवेत तरंगत होता आणि गोंदाच्या वासाने डोकं चढत होतं. सकाळच्या शिफ्टची सुपरवायझर पन्नाशीची बाई होती. कानात कापसाचे बोळे, खिशाला तीन पेनं. एकोणीस वर्षं इथेच. छोट्या साहेबांनी इथे काय काय केलं, असं मी विचारलं.

"आले होते ना," ती म्हणाली. "हेल्मेट घालून फोटो काढले. हेल्मेट घेऊन गेले."

खरी गोष्ट मला तिच्याकडून कळलीच नाही. ती सांगितली शेजारच्या टेबलावर खोळी शिवणाऱ्या बाईने. वर्षापूर्वी फोम कापायच्या मशीनची जाळी तुटली होती. पातं उघडं. सुपरवायझरने तीनदा लेखी कळवलं. मॅनेजर म्हणाला, आधी ऑर्डर जाऊ दे. चौथ्या दिवशी भर सकाळी हिने मशीन बंद केलं, साठ माणसं बाहेर नेऊन बसवली आणि जाळी लागेपर्यंत कोणी आत जायचं नाही म्हणून दारात उभी राहिली. संध्याकाळी जाळी लागली. दुसऱ्या दिवशी हिला मेमो मिळाला, मोठ्या साहेबांच्या सहीचा.

ऑफिसात येऊन मी हे डायरेक्टरांना सांगितलं. सांगायला नको होतं, हे सांगतानाच कळत होतं.

"हीच ती गोष्ट!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "फक्त त्यातला 'मी' कोण, तेवढं बदला."

मी बदललं. एका दुपारी लिहून मोकळी झाले, आणि चांगलं लिहिलं. 'माझा हात त्या लाल बटणाकडे गेला तेव्हा साठ जणांचे डोळे माझ्यावर खिळले होते.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

छोट्या साहेबांनी निबंध फोनवर वाचला, मधे दोन मेसेजना उत्तरं देत. "मी असा आहे हे मलाच माहीत नव्हतं," ते म्हणाले, अगदी मनापासून. मोठ्या साहेबांचे तर डोळे भरून आले. "पोरगं माझ्यावर गेलंय," म्हणाले. आपण मेमो कशाबद्दल दिला होता हे त्यांना आठवलं असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावरून अजिबात वाटलं नाही.

अर्जासोबत एक शिफारसपत्र हवं होतं, प्रत्यक्ष काम बघितलेल्या माणसाचं. साहेबांनी सुपरवायझरचं नाव दिलं. पत्रही अर्थात मीच लिहिलं. सही घ्यायला जेवणाच्या सुट्टीत गेले आणि सोबत निबंधाची प्रत दिली. ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत होती आणि मी उगाच पाण्याच्या नळाकडे बघत होते.

एका जागी बोट थांबलं. ती हसली. "बटण?"

"का?"

"त्या मशीनला बटण नाहीये. वरून दोरी जाते, ती ओढायची. नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तीच दाखवतो आम्ही."

माझे कान तापले. "बदलते मी."

"कशाला? त्यांनी वाचलं ना? साहेबांनी? मॅनेजरने? कोणाला खटकलं नाही, मग तुम्ही का जिवाला लावून घेता?" तिने निबंध घडी करून परत दिला. पत्र न वाचताच माझ्याकडे सरकवलं. "यावर सही मिळणार नाही."

"साहेब रागावतील."

"रागावू देत. रागाची सवय आहे मला. खोटी सही करायची नाही."

सही मॅनेजरने केली. तोच, आधी ऑर्डर जाऊ दे म्हणणारा. आणि मी बटण तसंच ठेवलं. इंटरव्ह्यू घेणारा कोणीतरी हाताने काम केलेला निघेल, नेमकं तेवढंच विचारेल आणि ह्यांची दातखीळ बसेल, अशी माझी आशा होती. स्वतःचा पाप्याचा पितर झालेला स्वाभिमान मी त्या एका बटणावर जगवत होते.

"काय विचारलं?" इंटरव्ह्यूनंतर मी फोन केला.

"काहीच नाही! पूर्ण वेळ फुटबॉलवर बोललो. एकदम कूल माणूस."

प्रवेश मिळाला. साहेबांनी घरी पार्टी दिली, आम्हालाही बोलावलं. छोटे साहेब हातात ग्लास घेऊन पाहुण्यांना सांगत होते, "त्या क्षणी मी विचारच केला नाही, सरळ बटण दाबलं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आता ते आठवत होतं. ते मशीन स्वतः विकत आणलेले मोठे साहेब शेजारी उभे राहून मान डोलावत होते.

तिथेच मॅनेजर हसत हसत कोणाला तरी सांगत होता की सुपरवायझर बाईंनाही आता शिकायचं वेड लागलंय, कारखाना-सुरक्षेच्या संध्याकाळच्या कोर्सला अर्ज करतायत, या वयात.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. "तुमचा अर्ज मी लिहून देते," म्हटलं. "काही द्यायचं नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लिहिलाय मी. दीड पान झालंय."

"मग तपासून देते."

"नको." बसस्टॉपकडे चार पावलं गेली आणि थांबली. "एक सांगा. 'निष्काळजीपणा'मध्ये ष पोटफोड्याच ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि आलेल्या बसमध्ये चढली.

तिला प्रवेश मिळाल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी नोकरी सोडली असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे सहा निबंध होते, आणि सहाही मी वेळेत दिले.