लाँगशोनचा धागा

गुन्वोरनं आल्वारच्या हातातून माउस काढून घेतला.

"मीच करते. तू नुसतं सांग."

"सांगतोय की मघापासून! वरच्या पट्टीतला पत्ता उचलायचा नाही, तो अख्ख्या धाग्याचा. प्रतिसादाच्या कोपऱ्यात बारीक आकडा दिसतो ना, तो दाबायचा. मग लिंक थेट त्याच प्रतिसादावर जाते."

"आणि वरचाच पत्ता दिला तर?"

"काही बिघडत नाही. घाईत मीसुद्धा तोच देतो. धागा शेवटीच उघडतो. पण हे नव्या लोकांनी पुढे कित्येक वर्षं वाचायचं आहे, तेव्हा नीट करू."

गोठलेल्या तळ्यांवर स्केटिंग करणाऱ्यांचा हा फोरम आल्वार सांभाळत असे. प्रत्येक तळ्याचा एकच धागा, म्हणजे सलग चर्चा, हिवाळ्यामागून हिवाळे चालत आलेली. बर्फ पाहून आलेला माणूस शेवटी आपली भर घालतो. दोन हिवाळ्यांपूर्वी गुन्वोरचा नवरा सिक्स्टन लाँगशोन तळ्यात बुडाला. आता स्केटिंग मंडळाला नवशिक्यांसाठी तिच्या हातचे चार शब्द हवे होते: इशारा मिळूनही तो कसा गेला, आणि सोबत त्या इशाऱ्याची लिंक. त्यासाठी तिनं आज सकाळीच फोरमवर नाव नोंदवलं होतं.

इशारा आल्वारनं दिला होता. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला त्यानं तसं सगळ्यांना सांगितलंही होतं, आणि तेव्हापासून गुन्वोर नवऱ्यावर रागावलेली होती. मेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं, हे तिला कळत होतं. तरी त्याचा फोटो तिनं टेबलाच्या खणात पालथा घालून ठेवला होता. थंडी कडक पडली की घरामागच्या लहानशा तळ्यावरचा बर्फ कण्हायचा, लांबवर, एखाद्याला धड बोलता येऊ नये तसा. तिला वाटायचं, हा काहीतरी सांगू बघतोय. मग ती उठून रेडिओचा आवाज वाढवायची.

आल्वारनं वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "आता प्रश्नांच्या विभागात सिक्स्टनचा प्रश्न शोध."

तो सापडला. लोकरी टोपीतला हसरा चेहरा, आणि शेजारी: 'लाँगशोनला कधी गेलो नाही. बर्फ कसा आहे?' खाली आल्वारचं उत्तर: 'आधी हे वाच.' आणि निळी लिंक.

"दाब ती. शेवटाकडे त्या हिवाळ्यातला माझा इशारा असेल, त्याचा आकडा घे."

तिनं दाबली, आणि मोठ्यानं वाचलं, "'ओढ्याच्या तोंडापर्यंत बर्फ पक्का. खुशाल जा.'"

"भलतंच काय वाचतेस? 'ओढ्याच्या तोंडाशी पाणी उघडं आहे, तिकडे फिरकू नका,' असं आहे ते."

"समोर आहे तेच वाचतेय."

आल्वार वाकला. पहिलं पान होतं, पहिलाच प्रतिसाद. तारीख कुठल्या तरी जुन्या हिवाळ्याची, फिक्या बारीक अक्षरांत. सिक्स्टनला ती चष्म्याशिवाय दिसली नसती, आणि चष्मा लावायचा त्याला भारी कंटाळा.

"असं कसं? माझ्याकडे तर..." आल्वारनं खिशातून फोन काढला, तीच लिंक दाबली. त्याच्याकडे धागा शेवटी उघडला.

"मी हा धागा रोज वाचतो," तो सावकाश म्हणाला. "वाचणाऱ्याला ही लिंक तो जिथं थांबला होता तिथं नेते. आणि ज्यानं कधी वाचलाच नाही, त्याला..."

"सुरुवातीला," गुन्वोर म्हणाली.

दुपार कलली होती. मागं तळं कण्हलं. या वेळी ती रेडिओकडे गेली नाही, कान देऊन ऐकत राहिली. दोन हिवाळे तिनं त्याला मनातल्या मनात नाही नाही ते सुनावलं होतं, आणि तो बिचारा विचारून गेला होता. तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

"मला ती लिंक बदलता येते, गुन्वोर. आत्ता बदलतो."

"हात लावू नकोस."

तिनं खण उघडला, फोटो काढला, बाहीनं त्याची काच पुसली आणि आल्वारच्या कपासमोर उभा केला.

"त्या दिवशी कॉफीला सगळ्यांना सांगितलंस," ती म्हणाली. "आता याला सांग."