दिव्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. आयुष्यभर मी विचारलं तेवढंच बोलले. आज न विचारता बोलते आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथल्या कामगारांचे फक्त डोळे दिसत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या दोन तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक बारीक हात. तबकड्या मिनिटाला सात हजारांवर फेरे घेतात. हात त्यांना न टेकता, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून वाचतो आणि लिहितो. तो टेकला की ओरखडा पडलाच. म्हणजे जन्मापासूनच जिवाला घोर.

तिथून मी एका रक्तपेढीच्या संगणकात आले. रक्तदात्यांचे अर्ज, त्यांचे फोन, फोटो, कुठली पिशवी कधी आली नि कुठे गेली, सगळं माझ्याकडे. माझ्या पेटीला जाळीची भोकं होती. त्यांतून मला खोलीतलं बोलणं ऐकू येई आणि थोडंफार दिसेही. तिथे दोघं काम करत: रक्त तपासणाऱ्या ताई आणि पिशव्यांची ने-आण करणारे मामा. मामांचे केस पांढरे झाले होते, तरी ते सगळ्यांचे मामाच.

आता एका तिसऱ्या गृहस्थाची ओळख करून द्यायला हवी. तो माणसांना दिसत नाही. प्रत्येक संगणकाच्या आत एक मुकादम असतो. शिकलेले लोक त्याला 'कर्नल' म्हणतात, पण तो लष्करातला नव्हे; संगणकाचा गाभा सांभाळणारा प्रोग्रॅम. संगणकातले प्रोग्रॅम मला थेट हाक मारत नाहीत. 'हे वाचून दे', 'ते लिहून ठेव' असं ते मुकादमाला सांगतात आणि तो त्या हुकमांची रांग लावतो. शेजारशेजारच्या जागांचे हुकूम तो एकत्र बांधतो, म्हणजे माझ्या हाताला हेलपाटे पडत नाहीत. पण लांबच्या जागेचा एखादा हुकूम मागेच खितपत पडू नये, हेही पाहतो. एका वेळी माझ्या पदरात बत्तीसपेक्षा जास्त टाकत नाही. प्रत्येकाला क्रमांक देतो आणि घड्याळ लावतो. तीस सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर हुकूम मागे घेतो, मला गदागदा हलवून भानावर आणतो आणि पुन्हा विचारतो. असं पाच वेळा. त्यानंतरही उत्तर नाही, तर ही डिस्क गेली असं धरून दार लावून घेतो. कठोर होता, पण अन्यायी नव्हता.

सुरुवातीच्या वर्षांत माझं कौतुक होई. "बटण दाबलं की अर्ज हजर!" असं ताई पाहुण्यांना सांगत. मी आत लाजत असे.

पेटीच्या पुढच्या बाजूला एक बारीक दिवा होता. मी काम करत असले की तो लुकलुके. ताईंना त्याचा त्रास व्हायचा.

"सारखे डोळे मिचकावतंय मेलं," म्हणत त्यांनी एकदा चिकटपट्टी घेतली. रक्त दिल्यावर कोपरापाशी लावतात ना, तीच. ती त्यांनी दिव्यावर चिकटवून टाकली.

मामा म्हणाले, "जिवंत आहे म्हणून मिचकावतंय. नाहीतर आमच्याकडे बघून कोण डोळे मिचकावतंय आता?"

ताई खळखळून हसल्या. पट्टी मात्र तशीच राहिली.

सहाव्या वर्षी माझ्या एका तबकडीवरची एक जागा अशक्त झाली. तिथे जे होतं ते पहिल्या फेऱ्यात वाचता येईना. आठव्या, दहाव्या, मग चाळिसाव्या फेऱ्यात येई. मी माझ्या वहीत तशी नोंद केली, पण ती वही कुणी मागितली नाही आणि मी आपण होऊन पुढे केली नाही. चाळिसाव्या फेऱ्यात का होईना, जमतंय ना, अशी मी स्वतःची समजूत काढली. कमीपणा सांगायची लाज वाटत होती, दुसरं काय!

त्याच सुमारास एकदा वीज गेली आणि परत आली, तेव्हा माझी मोटर फिरेचना. ताई रजेवर होत्या. मामांनी पेटीला एक थाप मारली, तेव्हा कुठे मी सुरू झाले. त्यानंतर मामांनी संगणक कधीच बंद होऊ दिला नाही. सगळ्याची प्रत काढून ठेवायचं ठरलं होतं. ते 'पुढच्या आठवड्यात'वर राहिलं.

मग ती दुपार आली.

इस्पितळातून डॉक्टरांचा फोन होता. एक बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट असा, की लाखात एखाद्याचा असावा. पिशवी शिल्लक नव्हती. आमच्या यादीत त्या गटाचा एकच माणूस होता, एक वेल्डर.

"दोन तास कसेबसे काढतो," डॉक्टर म्हणाले. ताईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. "त्याला बोलवा, लगेच."

"नाव समोर आहे, डॉक्टर. अर्ज उघडला की नंबर मिळेल. लाइनवर थांबा."

ताईंनी बटण दाबलं. मुकादमाने तो अर्ज एका मोठ्या हुकमात बांधून माझ्याकडे धाडला. अर्जाच्या मधोमध ती अशक्त जागा होती.

मी हात तिथे नेला. वाचता आलं नाही. पुन्हा. पुन्हा. चाळिसावा फेरा गेला, चारशेवा गेला. 'नाही जमत' असं म्हणायला जीभ उचलेना. तीस सेकंद झाले. मुकादमाने हुकूम मागे घेतला, मला हलवलं, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तीच जागा धरून बसले. माझ्यामागे इतर हुकमांची रांग तुंबली आणि पडद्यावरचं सगळं जागच्या जागी गोठलं.

"अडकलं!" ताईंचा आवाज चढला. "काहीच हलत नाहीये!"

दुसरी खेप गेली. तिसरी गेली.

"मामा, हे मेलंय. मी बंद करून चालू करते."

त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. एकदा थांबले तर मी पुन्हा फिरेन, याची मला अजिबात खात्री नव्हती. पण ओरडणार कशी? माझ्याकडे होता फक्त एक दिवा आणि त्यावर पट्टी.

"हात काढ, पोरी!" मामा ओरडले. ताईंना ते एरवी अहोजाहो करत.

"मामा, ती बाई जाईल तिकडे!"

"हे बंद पडलं तर नक्कीच जाईल! मागे मी थाप मारली तेव्हा उठलंय ते. थांब, बघू दे मला."

मामांनी नखाने पट्टी खरवडली. वर्षानुवर्षांचा डिंक, निघता निघेना. चौथी खेप संपली. शेवटी पट्टी उचकटली.

दिवा लुकलुकत होता.

"करतंय गं काहीतरी," मामा हळूच म्हणाले. "मेलं नाहीये. झटतंय."

ताईंनी हात मागे घेतला. फोनमधून डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता.

मुकादमाची पाचवी, शेवटची खेप आली. मी पुन्हा तीच जागा धरली असती, तर त्याने दार लावलं असतं. झटतंय, असं मामा म्हणाले होते. पण मी झटत होते ती माझी अब्रू वाचवायला! मी दहा फेरे घेतले आणि जन्मात प्रथमच म्हणाले, "ही एक जागा मला वाचता येत नाही."

मला वाटलं होतं, तो संतापेल. तो म्हणाला, "एवढीच ना? ती सोड. पुढची दे."

त्याने मोठा हुकूम फोडला आणि तुकड्या-तुकड्याने विचारलं. मी तुकड्या-तुकड्याने दिलं. मला दोन मिनिटं जमलं नव्हतं, ते क्षणात झालं. पडद्यावर अर्ज उघडला. वेल्डरच्या फोटोत अर्धा चेहरा राखाडी होता, पण नंबर पुरा होता. ताईंनी तो मोठ्याने वाचला, मामांनी फिरवला.

"हॅलो? कामावर आहात का? असाल तसे या!"

तो तसाच आला, चटके बसलेल्या बाह्यांचा सदरा घालून. दिवेलागणीला डॉक्टरांचा फोन आला. बाळंतीण वाचली होती. ताईंनी नाक पुसल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडचं सगळं एका नव्या डिस्कवर उतरवलं. मुकादम पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शांतपणे विचारत गेला. जिथे जमलं नाही, तिथे मी लगेच सांगितलं. वेल्डरचा फोटो ताईंनी नव्याने काढला.

आता मी मामांच्या टेबलाच्या खणात असते. माझ्या पाठीवर तीच पट्टी आहे. तिच्यावर मामांनी लिहिलंय, 'टाकू नये.'

मित्रांनो, संथ झालेल्या वस्तूला मेली म्हणण्याआधी तिच्या दिव्यावर आपणच पट्टी लावलेली नाही ना, एवढं बघा. आणि तुमच्यातली एखादी जागा अशक्त झाली असेल, तर चाळिसाव्या फेऱ्याची वाट पाहू नका. मी पाहिली होती. ऐकणारा 'ती सोड, पुढची दे' इतकंच म्हणेल, हे मला कुठे ठाऊक होतं!