तिसरी फेक

विजयकुमारनं सत्कार ठेवलाय हे कानावर आलं तेव्हाच मिनाच्या मनात पाल चुकचुकली होती. ह्या माणसाला आपला एवढा पुळका आला कुठून? गोरेगावात त्यानं कधी कुणाला फुकट चहा पाजला असेल तर त्या माणसानं पुढं येऊन सांगावं! शाळेचा अध्यक्ष तो, खेळांच्या संघटनेचा अध्यक्ष तो, आणि दिल्लीपर्यंत ओळखी लावून परदेशी गेलेल्या संघाचा मॅनेजरही तोच. आणि आता मिनाच्या अंगावर शाल घालणार तोही हाच.

मिना म्हणजे गावाबाहेरच्या तांड्यावरच्या भावसिंगची थोरली. हातोडा फेकते. लोहाराचा हातोडा नव्हे. चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला लांब तार, तारेला मूठ. ती मूठ दोन्ही हातांनी धरायची, वर्तुळात गरागरा फिरायचं आणि सोडून द्यायची. बायांचा हातोडा ऑलिंपिकात येऊन तेव्हा कुठं दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा आपल्याकडं तो कोण पाहणार? शाळेतले पीटीचे अमृतराव सर तेवढे वेडे. त्यांनी पदरमोड करून हातोडा मागवला, मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं वर्तुळ केलं आणि भुशाच्या गाडीला लावायची जाळी बांबूंना बांधून भोवती पिंजरा उभा केला. "ही पोरगी देशाकडून फेकनार," असं ते म्हणायचे तेव्हा बाकीचे मास्तर तोंडावर हात धरून हसायचे.

आणि पोरगी गेली की हो! आशियातल्या देशांची ज्युनिअर स्पर्धा होती. त्या शहराचं नाव तांड्यात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं "तिकडं" म्हणायचे. संगं अमृतराव जातील असं सगळेच धरून चालले होते. पण ऐन वेळी नाव लागलं विजयकुमारचं. हातोड्याला मूठ असते हेही त्याला विमानात बसल्यावर कळलं असेल.

तिकडं झालं ते असं. मिनाची पहिली फेक जाळीत अडकली. दुसरी बेताचीच. तिसरी मात्र हातातून सुटली तेव्हाच तिच्या खांद्यांना कळलं की ही गेली. पहिल्या आठांत येईल तिला आणखी तीन फेकी मिळतात, आणि ही फेक आठांतली आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तेवढ्यात लाल झेंडी वर! झेंडीवाल्या बाईनं मिनाच्या डाव्या पायाकडं बोट केलं. वर्तुळाच्या कडीला पाय लागला म्हणे. कुठं लागला? पाय कडीच्या आत होता, मिनानं स्वतः खाली बघितलं होतं. ती हात हलवून "न्हाई, न्हाई" करत राहिली. एक म्हातारा पंच भला होता. तो तिला इंग्रजीत समजावू लागला, त्यातला एकच शब्द तिला कळला, मॅनेजर. मॅनेजरला बोलाव, त्याला हरकत घेऊ दे, म्हणजे फेक मोजून ठेवतो, असं तो खुणेनं सांगत होता. मिनानं वर बघितलं. संघाची माणसं बसली होती, विजयकुमारची खुर्ची तेवढी रिकामी. ती त्याच्या नावानं घसा फाटेस्तोवर ओरडली. म्हातारा थांबला, पुन्हा थांबला, शेवटी त्यानं मान हलवली. मग एक माणूस आत गेला, हातोड्यानं गवतात पाडलेल्या खड्ड्यात त्यानं माती टाकली आणि बुटानं दाबून टाकली. मिना नववी आली.

बरं, चुकला माणूस, तर गप बसावं की नाही? ह्यानं परत येऊन गावभर सांगितलं, "पोरगी घाबरली हो. मी समोरच बसून होतो. माझ्या डोळ्यांदेखत पाय लागला." ते पेपरात छापून आलं. मोठा माणूस, वर मॅनेजर, त्याचं खोटं कोण म्हणणार? खुद्द भावसिंगनं एकदा जेवता जेवता विचारलं, "खरंच लागला का गं पाय?" मिनानं ताट सरकवलं आणि उठली. नीलाबाई, तिची याडी म्हणजे आई, नवऱ्यावर खेकसली, पण बोलून गेलेलं थोडंच परत येतं? अमृतराव सरांचा तेवढा तिच्यावर विश्वास. ते म्हणाले, "मला पटतं पोरी. पन तुझ्या बाजूनं बोलनारं तिथं होतं कोन?"

सत्कार दसऱ्याच्या तोंडावर होता. सोयाबीनची सोंगणी टाकून तांड्यावरच्या बाया आल्या होत्या, विळे कमरेलाच. आदल्या दिवशीच्या पावसानं मैदान चिकट झालेलं, म्हणून पुनमचंद मांडववाल्यानं जरा कोरडी जागा बघून मांडव घातला, आणि ती निघाली नेमकी मिनाचा हातोडा पडायची जागा. पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्याच्यामागं सतरंज्या. स्टेजवरच्या टेबलावर हातोडा ठेवलेला, त्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातलेला, खंडेनवमीला अवजार पुजतात तसा. ते बघून मिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुजून ठेवलेल्या अवजारानं त्या दिवशी काम करायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

विजयकुमार बोलायला उभा राहिला. पांढरेफेक कपडे, खिशात दोन पेनं. "मिना आपली लेक हाय," तो म्हणाला. "तिनं तिच्या परीनं केलं. पाय लागला, लागू द्या. लेकरू हाय, घाबरलं. आता तिचं वय झालं, भावसिंगनं चांगलं स्थळ बघावं, लग्नाला आपन सगळे येऊ. आन पुढच्या महिन्यातल्या शिबिराला मी आपली पुतनी कोमल हिला धाडून राहिलो."

टाळ्या पडल्या. बघा माणसाची चाल! सत्कार कसला, पोरीच्या हातात नारळ देऊन तिला घरी बसवायचा बेत होता. शिबिराला जाईल तिलाच पुढं संघात जागा, शिबिराला नाव धाडणार संघटना, आणि संघटना म्हणजे विजयकुमार. कोमल बिचारी खाली मान घालून बसली होती. तिला कबड्डी आवडायची, हातोड्याला तिनं कधी हातही लावला नव्हता.

मग शाल घालायला विजयकुमारची बायको आशाबाई आल्या. बाई मनानं मोकळी, तोंडानं त्याहून मोकळी. त्यांनी मिनाची ओटी भरली, नारळ दिला, शाल पांघरली आणि कानशिलांवर बोटं मोडली. माईक समोरच उभा होता, तो कुणी बंद केला नव्हता.

"ही शाल साधी समजू नको बरं का मिना," आशाबाई कौतुकानं म्हणाल्या. "तिकडली हाय. तुझा तो सामना होता का न्हाई, त्या दिवशी ह्यांनी सकाळपासून अख्खा बाजार पालथा घातला. मला तिथून फोन केला, कोनता रंग घेऊ म्हनून. म्हनले, तिकडं पोरीचा सामना सुरू झाला असंल, पन आधी तुझी शाल. म्या म्हनलं, मोरपंखी घ्या, आन घेताच तर दोन घ्या. त्यातलीच ही एक."

लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून ते शब्द न् शब्द बाजारपेठेपर्यंत गेले. मग सतरंजीवरच्या बेबीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! मंग ह्यांनी पाय कुठून पाह्यला?"

विजयकुमारनं माईकवर झडप घातली. "तसं न्हाई, तसं न्हाई. तो दुसरा दिवस व्हता. बायामानसांना तारीखवार ध्यानात ऱ्हात न्हाई..."

"काहून?" आशाबाई फणकारल्या. "मला काय अक्कल न्हाई का? त्याच दिवशी राती तुमी पुन्हा फोन केला, पोरगी हरली म्हनून. म्या जेवले न्हाई त्या दिवशी!"

इतके दिवस मिनाला वाटायचं, माणूस आजारी पडला असेल, कुठं अडकला असेल, काहीतरी असेल. शाल! ती तिकडं ओरडून ओरडून घसा फोडत होती तेव्हा हा मोरपंखी की जांभळी करत बसला होता. तिनं शाल काढली, घडी घातली आणि आशाबाईंच्या हातात दिली. "काकू, तुमच्यावर माझा राग न्हाई. ही धरा." मग टेबलाकडं गेली, हातोड्याचा हार उपसून काढला आणि कुंकू ओढणीनं पुसलं.

"सर, टेप आना," ती अमृतरावांना म्हणाली. मग माईककडं वळली. "आन तुमी सगळे उठा. तुमी माझ्या फेकीत बसून राहिले."

"मिना, बेटा, कार्यक्रम चालू हाय," विजयकुमार दात दाखवत म्हणाला.

"मीच हाय ना कार्यक्रम? मंग उठा."

आधी तांड्यावरच्या बाया उठल्या. नीलाबाईनं सतरंजीच गुंडाळली. मग खुर्च्या उठल्या, मग सोफे. पाहुणे मंडळी धोतरं सावरत चिखलातून कडेला गेली. विजयकुमार मात्र सोफ्यावर जाऊन बसला. मिना वर्तुळापाशी पोचली होती. तिथून ती ओरडली, "भाऊ, हातोड्याला अध्यक्ष कळत न्हाई!" कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा तो उठला.

मिना पिंजऱ्यात शिरली. चपला काढून तिनं बूट घातले, डाव्या पायानं सिमेंट चाचपलं. अमृतराव पिंजऱ्याबाहेर उकिडवे बसले, नजर कडीवर. तिनं हातोडा डोक्यावरून दोनदा फिरवला आणि फिरायला लागली. एक गिरकी, दुसरी गिरकी. पिंजरा, लिंब, पांढरे कपडे, सगळं एकात एक मिसळलं. तिसऱ्या गिरकीला तिनं तोंडातून अशी आरोळी काढली की नीलाबाईनं छातीवर हात ठेवला. हातोडा सुटला, लिंबाच्या वर गेला, मांडवाचं कापड टर्र फाडत आत घुसला आणि पहिल्या सोफ्याच्या पलीकडं काळ्या मातीत रुतला.

"अरे, माझं कापड!" पुनमचंद ओरडला. त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही.

अमृतराव उठले, हात वर करून म्हणाले, "पाय आत हाय. फेक बराबर."

"मोजा," मिना म्हणाली. "खुनेपाशी टेप विजयभाऊ धरतील. मॅनेजर हायेत ना आमचे?"

विजयकुमारनं इकडं तिकडं बघितलं. पाहुणे दुसरीकडं बघत होते. आशाबाईंनी पदर खोचला. "जा की," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई गेले, आता तरी जा." तो गेला. हातोड्यानं पाडलेल्या खड्ड्यापाशी त्याला गुडघे टेकावे लागले, पांढरा पायजमा मांडीपर्यंत काळा झाला. वर्तुळापाशी अमृतरावांनी टेप ताणला, वाकून वाचला, पुन्हा वाचला आणि आकडा ओरडून सांगितला. त्यांचा आवाज चिरकला. तिकडं आठव्या आलेल्या पोरीपेक्षा हा आकडा मोठा होता. बायांनी एकच बोंब ठोकली.

मिनाला हसू आलं नाही. तिनं स्टेजवरून माईक उचलला, वायर ओढत मांडवाखाली आली आणि विजयकुमारसमोर उभी राहिली.

"भाऊ, आत्ता पाय लागला का माझा?"

"न्हाई."

"आन त्या दिवशी?"

मिनानं माईक त्याच्या तोंडापाशी नेला.

"मला... म्या न्हाई पाह्यलं," तो पुटपुटला.

"काहून न्हाई पाह्यलं?"

"म्या तिथं नव्हतो."

भोंग्यानं तेही बाजारपेठेपर्यंत नेलं. मागं भावसिंग उभा होता. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला आणि तोंड पुसलं, मग डोळे पुसले. मिनानं बापाकडं एकदा बघितलं, पण थांबली नाही.

"मंग शिबिराला कोन जाऊन राहिलं?"

विजयकुमारनं आधी बायकोकडं बघितलं, मग त्या विळेवाल्या बायांकडं. "तू," तो म्हणाला.

"आन संगं?"

"सर."

एवढं बोलून तो उठायला लागला. उठता उठता त्यानं तोल सावरायला पाऊल पुढं टाकलं आणि चप्पल नेमकी त्या खड्ड्यावर आली, कडेची माती आत ढासळली.

"पाय काढा!" मिना अशी किंचाळली की भोंगा कर्कश शिट्टी देऊन बंद पडला. "त्या खुनेवरनं पाय काढा आधी!"

तो घाबरून मागं सरकला, चिखलात बसलाच. मिना वाकली. ढासळलेली माती तिनं दोन्ही हातांनी हळूहळू उपसून काढली, खड्डा होता तसा केला. मग हातोडा उचलला, मूठ ओढणीनं पुसली आणि वर्तुळाकडं चालायला लागली.

"सरका सगळे," ती मागं न बघता म्हणाली. "तिकडल्या तीन राहिल्या व्हत्या माझ्या. अजून दोन हायेत."