सात पिढ्या आणि एक नळी

चार वर्षांनी पोरगी घरी यायची होती, आणि मला एवढंच बघायचं होतं की ती माझ्या हातचं मटण खाते की नाही. बाकी तिनं केस हिरवे केले असते, कोरियन जावई आणला असता, तरी मी म्हटलं असतं, या, बसा, पाणी घ्या. पण माझ्या मटणाला नाही म्हणाली असती, तर मग मी आत्या कशाची?

रुची माझ्या भावाची, कृष्णरावची मुलगी. तो धारला असतो. त्याची बायको गेली तेव्हा रुची एवढीशी होती, आणि ह्या बाबाला साधा चहा करता येत नव्हता, पोरगी काय सांभाळणार कपाळ! मी इथे देवासला एकटी, देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी साड्यांना फॉल-पिको करायचं माझं दुकान. म्हटलं, आण इकडे. तेव्हापासून ती माझीच. दुकानात कुणी विचारलं, "मालनजी, आपकी बेटी है?" तर मी म्हणायचे, "नहीं तो क्या तुम्हारी है?"

आम्ही मराठे, पवारांच्या फौजेबरोबर इकडे आलेले. पण माळव्यात मराठी बोलणारा माणूस दिसला की लोक त्याला पंडितच, म्हणजे ब्राह्मणच, समजतात. माझ्या आईला एकदा बाजारात कुणीतरी "पंडिताइन, पाय लागू" म्हणून वाकून नमस्कार केला. आईनं तोंड भरून आशीर्वाद दिला आणि घरी आली. तिच्या पिशवीत तेव्हा कलेजी होती.

घरचा नियम मात्र कडक. आमचं देवघर स्वयंपाकघरात, म्हणून तिथे अंडंसुद्धा फुटत नाही. मटण अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. त्या पातेल्याला आणि पळीला उंबरा ओलांडायची परवानगी नाही. आत देवी, बाहेर बोकड, आणि दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही.

ह्या अंगणात रुची मोठी झाली. मटणात नळी असते ना, मगजाची, ती तिची ठरलेली. ताटाच्या कडेवर आपटायची, तोंडाला लावायची आणि सुर्रकन ओढायची. तेवढा वेळ घरात शांतता. एरवी तोंडाचा पट्टा चालू.

शाळेत असताना तिला गाण्याचं वेड लागलं. कोरियाची पाच पोरं, पाच जणांच्या केसांना पाच रंग, आणि सगळी रडत रडत नाचतात. माझ्या भिंतीवर त्यांची चित्रं. मी म्हटलं, ही रंगपंचमी कधी उतरणार? ती उतरली नाहीच. ज्या पोरीला मराठीतली लग्नपत्रिका वाचताना घाम फुटायचा, ती मोबाईल बघून बघून कोरियन शिकली आणि एक दिवस बुसान नावाच्या गावाला शिकायला गेली. मग तिथेच ऑफिसात लागली. शहर समुद्रकाठचं. तिथले लोक पाण्यातून जे निघतं ते सगळं खातात, आणि जे अजून निघालं नाही त्याची वाट बघतात.

आणि अशा गावात माझी पोरगी शाकाहारी झाली! कारण काय, तर त्या पाचांतल्या निळ्या केसवाल्यानं मुलाखतीत सांगितलं की मी मांस सोडलं. झालं. ह्यानं सोडलं, हिनं सोडलं. फोनवर मला म्हणते, "आत्या, मन शांत होतं गं." मी म्हटलं, "तुझं मन अशांत कधी होतं? सुट्टीत दहापर्यंत घोरायचीस."

मग तिनं व्हिडिओ सुरू केले. चॅनलचं नाव "घासफूस". सुरुवातीला तिनंच रचलेलं गाणं, हातात कोबी धरून, त्या पोरांसारखं कंबर हलवत. नंतर बुसानभर हिंडायचं आणि प्रत्येक दुकानात विचारायचं, यात मासा आहे का? भाजीत? आहे. लोणच्यात? आहे. नुसत्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या सूपमध्ये? हो, त्यातपण आहे. शेवटी बाई भात आणि काकडी घेऊन फुटपाथवर बसायची, पिशवीतून माझ्या काळ्या मसाल्याची पुडी काढून वर भुरभुरायची आणि डोळे मिटून म्हणायची, "आहाहा." लोक पोट धरून हसायचे. मीपण हसायचे. कोबीचं ते गाणं पिको करताना माझ्याही तोंडात बसलं होतं, खोटं कशाला बोलू.

मला वाटलं होतं, खूळ आहे, उतरेल. पुढे तो निळा स्वतःच डुक्कर भाजून खाताना कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडला. रुची ढसाढसा रडली. मी मनात पेढे वाटले, म्हटलं, आता येते ताळ्यावर. तर म्हणते, "आत्या, आता त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला खरंच नको वाटतं." बरं बाई. तेवढंही मी गिळलं असतं.

पण एक दिवस सोनकच्छची भवानीबाई, माझं जुनं गिऱ्हाईक, दुकानात आली ती डोळे पुसतच. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "बेन, थारी छोरी तो देवी हे." बघते तर रुची हात जोडून सांगते आहे, "हमारी रसोई में सात पीढ़ियों से मांस नहीं पका." मला ठसकाच लागला. संध्याकाळी फोन केला तर म्हणते, "यात खोटं काय आहे, आत्या? स्वयंपाकघरात शिजलंय का कधी? अंगणाबद्दल मला कुणी विचारलंच नाही." वकील झाली असती तर टेकडीसुद्धा विकली असती हिनं!

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. बायका साडी द्यायला येणार आणि जाताना माझ्या पाया पडणार. "आप तो बड़ी सात्विक हैं." मी कसली सात्विक, माझ्या जिभेची धार विचारा कुणाला. रविवारी मटणाची पिशवी मी अस्तराच्या कापडाखाली लपवून आणायला लागले. माझ्या बापजाद्यांनी छाती पुढे काढून मटण खाल्लं, आणि मी चोरून! ह्या कार्टीमुळे!

ती आली रविवारीच. मी सकाळपासून अंगणात पातेलं चढवलं होतं. रिक्षातून उतरली ती गळ्यातच पडली, दोघी रडलो, आणि रडता रडता तिचं नाक आक्रसलं.

"आत्या, मी नाही खाणार हां."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही. खरंच नाही. आणि ऐक ना, दुपारी आपल्या स्वयंपाकघरातून लाइव्ह करायचंय मला, लोक कधीपासून मागे लागलेत. तेवढा वेळ पातेल्यावर झाकण ठेवशील?"

अशी आग झाली माझ्या अंगाची! माझ्या मटणावर झाकण! डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसवू का त्याला? पण काय करणार. चार वर्षांनी आलेली पोर, पहिल्याच तासात कुठे भांडायचं. ठेवलं झाकण.

दुपारी तिनं मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा केला. कोबी नव्हता म्हणून दुधी धरून गाणं म्हटलं. मग माझ्याच काळ्या मसाल्यात बटाट्याचा रस्सा करायला घेतला. मी स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या मधल्या दारात, हातात पळी, एक डोळा चुलीवर आणि एक हिच्यावर. पडद्यावर लोकांचे प्रश्न भराभर वर सरकत होते, आणि ती वाचून उत्तरं देत होती. कुणीतरी विचारलं, "दादीजी भी प्योर वेज थीं?"

आणि ही म्हणाली, "दादी? दादी ने तो ज़िंदगी में अंडा तक नहीं छुआ."

माझी आई! जिला शेवटच्या आजारात डॉक्टरनं खिचडी सांगितली, तर खिचडीची वाटी भिंतीवर फेकून "मला कलेजी दे गं" म्हणाली ती! मी दिली होती. दोन घास खाल्ले, हसली, आणि दुसऱ्या दिवशी गेली. त्या माझ्या वाघिणीला हिनं गाय करून टाकलं, तेसुद्धा तिच्याच घरात उभं राहून.

मग मला काही सुचलंच नाही. तशीच तरातरा आत घुसले आणि मोबाईलसमोर जाऊन उभी राहिले. "सुनो भिया, सुनो बेन लोग," मी म्हटलं, "इसकी दादी मरते-मरते कलेजी खाके मरी है. मैंने अपने हाथ से खिलाई. और ये जो देवी बनके खड़ी है ना, ये नळी के लिए ज़मीन पे लोटती थी. सात पीढ़ी, सात पीढ़ी! हमारी सात पीढ़ी ने बकरे को चैन से सोने नहीं दिया!"

टप. काहीतरी फरशीवर पडलं. दोघींनी खाली बघितलं. पळीतून रस्सा गळला होता, लाल तर्रीचा. सात पिढ्यांत पहिल्यांदा मटणाची पळी उंबऱ्याच्या आत आली होती, आणि ती मीच आणली होती. आता रुचीची वकिलीही संपली. पडद्यावर तर दंगलच. कुणी हसतंय, कुणी शिव्या देतंय, कुणी राम राम लिहून निघून जातंय.

रुची पांढरीफटक. मला वाटलं, आता मोबाईल बंद करेल आणि बॅग उचलून धारला बापाकडे जाईल. एका दादीसाठी मी पोरगी घालवली, असं वाटलं.

तिनं मोबाईल बंद केला नाही. घसा साफ केला आणि म्हणाली, "हां. बुआ सच बोल रही है. दादी के बारे में मैंने झूठ बोला. सात पीढ़ी भी झूठ." रश्श्याखालचा गॅस बारीक केला. "पर इस घर में मुझसे पहले भी एक वेजिटेरियन थी."

मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

"यही, मेरी बुआ. थोड़ा-सा मटन आता था, उसमें ढेर सारे आलू डालती थी. बोटी सारी मेरी, आलू इसके. मैं पूछती तो कहती, मुझे तो आलू ही पसंद है."

"झूठ!" मी ओरडले. "बटाटा मला मुळीच आवडत नाही! कधीच आवडला नाही! वात होतो मला त्यानं!"

बोलून गेले, आणि मग मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. रुचीची हनुवटी थरथरत होती, लहानपणी पडल्यावर थरथरायची तशी.

तिनं माझ्या हातातली पळी घेतली. ओढणी नाकाला बांधली, दरोडेखोरासारखी, आणि अंगणात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. डोळे बारीक करून ढवळत राहिली. नळी शोधून काढली, ताटात घातली, मटणाच्या सगळ्या फोडी घातल्या, आणि मला पायरीवर बसवून ताट माझ्यापुढे ठेवलं. मग आतून स्वतःचा बटाट्याचा रस्सा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"आता बटाटे माझे," ती म्हणाली. "आणि नळी तुझी."

"अगं, पण मी तुझ्यासाठी..."

"ठाऊक आहे. मला भरव तू. माझ्यातलं, बटाट्याचं." मी हात पुढे केला तर म्हणते, "आधी हात धू. साबणानं."

नखरे बघा! पण उठले, नळावर हात धुतले, खसखसून धुतले, आणि तिला भरवलं. मसाला माझाच होता. लहानपणी खायची तसंच खाल्लं तिनं, माझी बोटं चावत.

मग मी नळी उचलली. एवढी वर्षं त्या पातेल्याशी संसार केला, पण नळी कशी खातात ते मला येईना; ती गेल्यापासून मी नळी आणलीच नव्हती. "आपट आधी," रुची म्हणाली. "ताटाच्या कडेवर. जोरात, आत्या! आता ओढ." आत मोबाईल तसाच चालू होता, रिकामं स्वयंपाकघर दाखवत. चॅनलवरचे कितीतरी लोक त्या दिवशी निघून गेले. जे उरले ते आजही तिच्या मागे लागतात, बुआ को बुलाओ.

नळीची चव काय सांगू? मी इतकी रडत होते की काही कळलीच नाही. म्हणून पुढच्या रविवारी दोन आणल्या, पारदर्शक पिशवीतून, बाजाराच्या मधोमध.